गाडी कशाने जुनी होते?

पुण्यात नोंदवायची एक साधी पेट्रोल गाडी घेऊ. शोरूम किंमत ९ लाख रुपये. महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या, १० लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला ११ टक्के वाहन कर एकरकमी भरावा लागतो, म्हणजे ९९ हजार. त्यावर विमा, नोंदणी शुल्क, फास्टॅग आणि डीलर वेगवेगळ्या नावांनी बिलात घुसवेल ते. 'ऑन रोड' आकडा साडेदहा लाखांच्या आसपास जातो. चाकांखाली लिंबं ठेवून, बॉनेटला हार घालून गाडी सोसायटीत येते, पेढे वाटले जातात. त्याच संध्याकाळी ती विकायची म्हटली तर वरच्या दीड लाखाला कोणी विचारत नाही. घेणारा शोरूमच्या किमतीपासून खाली मोजायला लागतो. तुम्ही सरकारला काय भरलंत याच्याशी त्याला काही कर्तव्य नसतं.

विमा कंपनीचा हिशेबही असाच. पॉलिसीवर 'आयडीव्ही' म्हणून एक रक्कम छापलेली असते. गाडी चोरीला गेली किंवा पार चक्काचूर झाली तर कंपनी जास्तीत जास्त तेवढे पैसे देते. ही रक्कमही शोरूम किमतीवरच काढतात, भरलेला कर त्यात धरत नाहीत. २००२ सालच्या मोटार टॅरिफमधला तक्ता त्यासाठी अजून आधाराला घेतला जातो. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीनपर्यंत ३०, चारपर्यंत ४० आणि पाचपर्यंत ५०. पाच वर्षांपुढे तक्ताच संपतो. तिथून पुढची किंमत मालकाने आणि कंपनीने आपसात ठरवायची.

या तक्त्याप्रमाणे आपली ९ लाखांची गाडी पाचव्या वर्षाअखेर साडेचार लाखांची झाली. तेवढ्या काळात ती ५० हजार किलोमीटर चालली असं धरलं, तर किलोमीटरमागे ९ रुपये नुसता घसारा पडला. लिटरला १८ किलोमीटर देणाऱ्या गाडीचं पेट्रोल, दर १०५ रुपये धरला तरी, किलोमीटरला सहा रुपयांच्या आतच बसतं. पंपावर दर रुपयाने वाढला की आपण चडफडतो. घसाऱ्याचं बिल कोणी हातात देत नाही, म्हणून त्याबद्दल घरात चकार शब्द निघत नाही.

हीच गाडी एखाद्या व्यावसायिकाच्या नावावर असेल तर त्याचे सीए तिसराच आकडा सांगतील. आयकरात मोटारीवर दरवर्षी उरलेल्या किमतीच्या १५ टक्के घसारा मिळतो. ती भाड्याने चालवायच्या धंद्यात असेल तर ३० टक्के, विजेवर चालणारी असेल तर ४० टक्के. पाच वर्षांनी वहीत उरलेली किंमत पहिल्या हिशेबाने जवळजवळ ४ लाख, दुसऱ्याने दीड लाख आणि तिसऱ्याने ७० हजार. बाजाराने यातला एकही आकडा लावलेला नाही. विजेच्या गाडीला ४० टक्के दिले आहेत ते ती लवकर झिजते म्हणून नव्हे, लोकांनी ती घ्यावी म्हणून. २०१९ साली वाहन उद्योग मंदीत सापडला तेव्हा २३ ऑगस्टपासून पुढच्या ३१ मार्चपर्यंत घेतलेल्या मोटारींचा घसारा १५ वरून ३० टक्के केला गेला. त्या सात महिन्यांत विकलेल्या मोटारी दुप्पट वेगाने झिजत होत्या असं काही नव्हतं.

थोडक्यात, गाडीची किंमत उतरणं आणि गाडी झिजणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झीज बॉनेटखाली होते. किंमत बहुतेक वेळा बॉनेटच्या बाहेरच उतरते, आणि ती कशाने उतरते हे प्रत्येक वाहनाच्या बाबतीत वेगळं असतं.

पहिल्या आठवड्यातली घट घ्या. गाडी नवी कोरी आहे, कर बाजूला ठेवला, तरी भाव पडतोच. याचं उत्तर जॉर्ज अकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली छापलेल्या एका निबंधात दिलं. तीन नियतकालिकांनी तो आधी नाकारला होता. पुढे २००१ साली अकरलॉफला नोबेल मिळालं त्यात याच कामाचा वाटा होता. मुद्दा साधा आहे. विकणाऱ्याला गाडीची कुंडली ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. आठ दिवसांची गाडी कोणी विकायला काढली की घेणारा पहिलं हेच विचारतो, की का विकताय? बदली झाली, पैशांची अडचण आली, ही कारणं खरीही असतात. पण तपासायची कशी? मग तो धोका धरून कमी भाव सांगतो. तो भाव ऐकून खरोखर चांगल्या गाडीचा मालक विकायचा विचार सोडून देतो. बाजारात संशयास्पद गाड्यांचं प्रमाण वाढतं आणि भाव आणखी उतरतो. म्हणजे पहिल्या धक्क्यातली बरीचशी रक्कम गाडीच्या दोषाची नसून घेणाऱ्याच्या अज्ञानाची असते.

जुन्या गाड्यांचा सगळा धंदा या अज्ञानावर उभा आहे. 'सिंगल हँड', 'एमएच-१२ पासिंग', 'कंपनी मेंटेन', 'नॉन-अ‍ॅक्सिडेंट' या शब्दांनी तो संशय थोडा थोडा कमी करायचा असतो. अनुभवी दलाल बैलबाजारातल्या शेतकऱ्यासारखा दात बघतो. दरवाजाच्या बिजागरीच्या बोल्टवरचा रंग उडालाय का, रबरी पट्टीखाली कारखान्यातले वेल्डिंगचे ठिपके शाबूत आहेत का, काचांवर छापलेलं साल गाडीच्या सालाशी जुळतंय का. किलोमीटरच्या आकड्यावर तो फारसा विसंबत नाही, कारण तो मागे फिरवता येतो. झिजलेलं क्लच पेडल मात्र पुन्हा जाड होत नाही.

कुठल्या गाडीचा भाव टिकतो हे बरंचसं तालुक्याच्या गावावरून ठरतं. गॅरेजवाल्याला तिची खोड माहीत आहे का, सुटा भाग एसटीने संध्याकाळपर्यंत येतो का. मारुतीच्या छोट्या गाड्या आणि टोयोटाची इनोव्हा यांचा भाव वर्षानुवर्षं टिकला त्याचं कारण एवढंच आहे. महागड्या जर्मन गाडीचं याच्या नेमकं उलटं होतं. पाच-सहा वर्षांत तिची किंमत निम्म्याखाली येते, पण तिच्या हेडलाइटची किंमत निम्मी होत नाही. तिचे सुटे भाग अजून नव्या गाडीच्याच भावाचे असतात. घेणारा हे ओळखून असतो, म्हणून किंमत आणखी पाडून मागतो.

कंपनीच देश सोडून गेली तर? जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली. तिची शेव्हरोले बीट तळेगावच्या कारखान्यात बनत होती. फोर्डने २०२१ च्या सप्टेंबरमध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं. दोन्ही वेळा रस्त्यावर धावणाऱ्या गाड्यांचं इंजिन होतं तसंच होतं. सेवा आणि सुटे भाग चालू राहतील असं आश्वासनही होतं. तरी भाव घसरले, कारण पुढच्या खरेदीदाराच्या मनात शंका शिरली, आणि जुन्या गाडीचा भाव तोच ठरवतो.

दुसरा मोठा हात कायद्याचा. २९ मार्च २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिलपासून बीएस-३ या जुन्या उत्सर्जन मानकाच्या वाहनांच्या विक्रीवर बंदी घातली. देशभरात आठ लाखांहून अधिक न विकलेली वाहनं पडून होती, त्यात दुचाकीच जास्त. पुढच्या दोन दिवसांत शोरूमसमोर रांगा लागल्या, दुचाकींवर हजारोंची सूट जाहीर झाली आणि गुढीपाडव्याला पूर्ण किमतीत गाडी घेतलेल्यांना लगेच चुटपुट लागली. एक किलोमीटरही न चाललेल्या वाहनाची किंमत निकालाच्या एका कागदाने उतरवली होती.

दिल्लीत हे अजून ठळकपणे दिसतं. राष्ट्रीय हरित लवादाचा २०१५ चा आदेश आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा निर्णय यांमुळे राजधानी परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर बंदी आली. पुढे २०२५ मध्ये अंमलबजावणीवरून बरंच मागे-पुढे झालं. पण जुन्या गाड्यांच्या बाजाराने निकालाची वाट बघितली नव्हती. नऊ वर्षांची डिझेल गाडी दिल्लीत जवळजवळ मातीमोल होई. तीच एनओसी घेऊन दुसऱ्या राज्यात गेली की तिला काही वर्षांचं आयुष्य परत मिळे. तिथे मात्र घेणाऱ्याला त्या राज्याचा कर भरावा लागे, आणि भावात तो वळता केला जाई. कोल्हापूर आणि बेळगाव यांत शंभर-सव्वाशे किलोमीटरचं अंतर, पण एमएच-०९ ची गाडी कायमची केए-२२ करायची म्हटली की कर, एनओसी आणि आरटीओच्या फेऱ्या यांची किंमत गाडीतून वजा होते.

करात कपात झाली तरी जुन्याला झळ बसते. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या मोटारी आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी गाडी स्वस्त झाल्यावर तिच्याच मॉडेलची दोन वर्षांची गाडी जुन्या भावाला कोण घेणार?

याच्या उलटही घडलेलं आहे. परवाना राजच्या काळात आकुर्डीच्या बजाज स्कूटरसाठी लोक नंबर लावून वर्षानुवर्षं थांबत. ज्याचा नंबर लागला त्याने स्कूटर दारात आणली आणि दुसऱ्या दिवशी विकली, तर वर 'ऑन', म्हणजे जास्तीचे पैसे, मिळत. परकीय चलन भरणाऱ्याला स्कूटर लवकर मिळायची, त्यामुळे आखातात नोकरी करणाऱ्या नातेवाइकाला फार मान होता. वापरलेलं वाहन नव्यापेक्षा महाग, हे आजच्या पिढीला खोटं वाटेल. पण कोविडनंतर चिपांचा तुटवडा झाला तेव्हा अमेरिकेतही तसंच झालं. २०२१ च्या जूनमध्ये तिथल्या वापरलेल्या मोटारींचे भाव वर्षभरात ४५ टक्क्यांनी वाढलेले होते. नवं मिळत नसेल तर जुनं म्हातारं होत नाही.

काही वाहनांत तर किमतीचा मोठा भाग वाहनात नसतोच. मुंबई परिसरात १९९७ पासून २०१७ पर्यंत रिक्षांचे नवे परवाने बंद होते. त्या वीस वर्षांत रिक्षा जुनी होऊन भंगारात जाई, तिच्या जागी दुसरी येई, परवाना मात्र तोच राही आणि त्याचा भाव चढत जाई. रिक्षा झिजायची, कागद वधारायचा. टॅक्सीचंही असंच. मुंबईतल्या टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा आहे. शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली, म्हणून ३० ऑक्टोबर २०२३ पासून काळी-पिवळी पद्मिनी रस्त्यावरून गेली. तिचं इंजिन चालतंय की नाही हे कोणी विचारलं नाही, विचारायचं कारणही नव्हतं.

ट्रकची गोष्ट निराळी. मोटार दिवसातले बावीस-तेवीस तास उभी असते आणि तिचं वय कॅलेंडरवर मोजलं जातं. ट्रक उभा राहिला की हप्ता बुडतो, म्हणून तो वर्षाला लाख किलोमीटर सहज ओलांडतो. कंपनी कायद्याच्या अनुसूचीत मोटारीचं उपयुक्त आयुष्य ८ वर्षं धरलं आहे, मोटारसायकलचं १०, आणि भाड्याने चालणाऱ्या बस-ट्रकचं अवघं ६. पण सहाव्या वर्षी ट्रक मरत नाही, त्याची एक पायरी उतरते. नॅशनल परमिट साध्या ट्रकला १२ वर्षांपर्यंत आणि मल्टी-अ‍ॅक्सलला १५ वर्षांपर्यंतच मिळतं. वयाची पहिली आठ वर्षं दोन वर्षांनी एकदा होणारं फिटनेस पासिंग पुढे दरवर्षी करावं लागतं. म्हणून न्हावा शेवा ते दिल्ली पळणारा ट्रक काही वर्षांनी नाशिक-मुंबई भाजीपाला वाहू लागतो, पुढे मार्केट यार्डात, मग खडी-वाळूवर. प्रत्येक पायरीला नवा मालक आणि कमी भाव. ट्रकचा सौदा करताना टायर वेगळे मोजतात. 'टायर ऐंशी टक्के आहेत' म्हणजे किती नक्षी उरली ते, कारण दहाचाकी गाडीचे सगळे टायर बदलायचे म्हटले तर तो स्वतंत्र खर्चच आहे. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्राने ट्रकची अधिकृत भारक्षमता १२ ते २५ टक्क्यांनी वाढवली. कागदावर एका दिवसात देशातले ट्रक मोठे झाले, आणि नव्या ट्रकची गरज तेवढी कमी झाली.

ट्रॅक्टर या सगळ्या मंडळींत सर्वांत सावकाश स्वस्त होतो, असं माझं मत आहे, आणि त्याचं कारण मला फार आवडतं. त्याचं वय तासांत मोजतात. मीटरवर तास असतात, किलोमीटर नव्हे. पाच एकरवाल्याचा ट्रॅक्टर नांगरट, पेरणी आणि थोडी भाड्याची कामं करून वर्षाला काही शे तास चालतो, मग शेडमध्ये उभा राहतो. त्याची रचना दर दोन वर्षांनी बदलत नाही. मोठा टच-स्क्रीन लावलेला नवा ट्रॅक्टर आला म्हणून जुन्याला कोणी नाक मुरडत नाही. उत्सर्जनाचे कडक नियमही २०२३ पासून मुख्यतः ५० एचपीच्या वरच्यांना लागू झाले, आणि आपल्याकडचे बहुतेक ट्रॅक्टर त्याखालचे आहेत. इंजिन उतरवून, पिस्टन-रिंग टाकून पुन्हा बसवणारा मिस्त्री दर मोठ्या गावात आहे. त्याचा भाव सालावर कमी आणि हंगामावर जास्त हलतो. साखर कारखान्यांचा गळीत हंगाम तोंडावर आला की दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागणी येते. पाऊस दगा देतो तेव्हा तोच ट्रॅक्टर नाइलाजाने विकायला निघतो. अर्थात यालाही कर चुकलेला नाही. २०२५ च्या त्याच २२ सप्टेंबरला ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

जहाजाच्या किमतीला तळ असतो, तो म्हणजे पोलादाचा भाव. म्हातारं जहाज मालवाहू म्हणून विकण्यापेक्षा वजनावर विकणं फायद्याचं ठरतं तो दिवस त्याचा शेवटचा. आयएनएस विक्रांत ही विमानवाहू नौका १९९७ साली नौदलातून निवृत्त झाली, मुंबईत तरंगतं संग्रहालय म्हणून राहिली, आणि २०१४ मध्ये सुमारे ६० कोटींना भंगारात विकली जाऊन दारूखान्यात तोडली गेली. २०२० साली तशीच दुसरी नौका विराट गुजरातेत अलंगला तोडायला गेली ती ३८.५४ कोटींना. विक्रांतचं काही पोलाद बजाजने घेतलं आणि २०१६ मध्ये 'व्ही' ही मोटारसायकल त्यातल्या धातूचा अंश घालून बाजारात आणली. आता वापरलेल्या गाड्यांच्या जाहिरातींत ती दिसते, आणि विक्रेते टाकीवरच्या विक्रांतचा उल्लेख करून दोन-पाच हजार जास्त मागतात. मिळत असतील असं वाटत नाही.

विमानाचं मरण याहून विचित्र. ते म्हातारं झालं की तुकड्यांत जास्त मोलाचं होतं. इंजिनं, चाकांची यंत्रणा, कॉकपिटमधली उपकरणं हे सगळं तपासून, कागदपत्रांसह दुसऱ्या विमानात बसवता येतं. अखंड विमानाला मात्र गिऱ्हाईक नसतं. एअर इंडियाचं एक ७४७ जंबो २०२४ च्या एप्रिलमध्ये मुंबईहून अमेरिकेला उडालं ते सुटं होण्यासाठीच. इथे कागदाचं महत्त्व टोकाला जातं. एखाद्या भागाचा देखभालीचा इतिहास हरवला, तर तो धडधाकट असूनही भंगाराच्या भावाचा होतो.

विजेच्या मोटारींबद्दल अजून कोणाला खात्रीने बोलता येत नाही, आणि किंमत पडायला ही अनिश्चितताच पुरते. २०२३ च्या सुरुवातीला टेस्लाने अमेरिकेत नव्या गाड्यांच्या किमती काही मॉडेलवर २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या. ज्या कंपन्यांकडे जुन्या टेस्ला होत्या त्या कात्रीत सापडल्या. हर्ट्झ या भाड्याने मोटारी देणाऱ्या कंपनीने २०२४ च्या जानेवारीत २० हजार विजेच्या गाड्या विकायला काढल्या आणि घसाऱ्यापोटी साधारण २४.५ कोटी डॉलरचा तोटा वहीत धरला. आपल्याकडेही २०२४ च्या फेब्रुवारीत टाटाने नेक्सॉन ईव्हीची किंमत १.२ लाखांपर्यंत कमी केली. बॅटरी स्वस्त होणं नव्या ग्राहकाला वरदान आणि कालच्या ग्राहकाला शाप.

या गाडीत इंजिनाचा आवाज ऐकून काही कळत नाही, धूर नसतो, ऑइलचा रंग बघता येत नाही. दलालाच्या सगळ्या जुन्या खुणा निकामी. बघायचं ते एकच, बॅटरीची मूळ क्षमता किती टक्के उरली आहे ते. ते सेवा केंद्रातल्या संगणकावर दिसतं. विकणाऱ्याने तो रिपोर्ट काढून आणला नसेल तर अकरलॉफने सांगितलेला संशय इथे दुप्पट जोराने भाव पाडतो. दुसरी तपासायची गोष्ट म्हणजे हमीपत्रातला बारीक मजकूर. बॅटरीला साधारण आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर हमी देण्याची पद्धत आहे. काही कंपन्या पहिल्या मालकाला याहून पुष्कळ लांब हमी देतात. गाडी दुसऱ्याच्या नावावर झाली, की ती लांब हमी संपते आणि तिच्याहून बरीच कमी हमी उरते. म्हणजे चार वर्षांची अशी गाडी विकताना बॅटरी तीच, किलोमीटर तेच, आणि आरसीवर नाव बदललं त्या दिवशी हमीची काही वर्षं हिशेबातून जातात.